सगुणा सिस्टरचा पाय

जोहेच्या सगुणा सिस्टरनी पेशंटला जमिनीवर पाडलं, त्याच्या छातीवर पाय दिला आणि मग त्याला इंजेक्शन टोचलं, अशी तक्रार परिषदेकडे गेली. परिषद म्हणजे नर्सांची नोंदणी ठेवणारी. तिथं नाव असेल तर बाई नर्स, तिथलं नाव खोडलं की बाई नुसती बाई. नोटीस हातात पडली तेव्हा सगुणा सिस्टर आधी पोट धरून हसल्या. नोटीस पुन्हा वाचली तेव्हा मात्र हसू कुठल्या कुठे पळालं, कारण खाली लिहिलं होतं की चौकशी होईपर्यंत नोंदणी स्थगित, सुईला हात लावायचा नाही.

आता खरं काय घडलं ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हीही त्या माउलीला नावं ठेवत बसाल.

करोना ओसरला त्या वर्षी रोह्याच्या एका गणपती मंडळाला सुचलं, की यंदा देखावा करायचा तो नर्सताईंच्या सन्मानाचा. सिस्टर आणि तिच्याकडून लस घेणारा गडी, अशा दोन पुतळ्यांची ऑर्डर घेऊन पोरं जोहेला जनू मूर्तिकाराच्या कारखान्यात आली. आली कधी, तर गणपती तोंडावर आल्यावर. जमिनीपासून आढ्यापर्यंत मूर्ती रचलेल्या, कारागिरांना मान वर करायला फुरसत नाही, आणि यांना म्हणे नवीन दोन माणसं पायजेत. दुसरा कोणी असता तर त्यानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं असतं. जनूला नाही म्हणता येत नव्हतं, हा त्याचा जन्माचा रोग.

चेहरा त्यानं मन लावून केला. सिस्टर ड्यूटी सुटली की कारखान्यात येऊन स्टुलावर बसायच्या आणि जनू मातीतून त्यांचं नाक, हनुवटी, गालावरचा तीळ सगळं उचलायचा. त्याच्या आईला शेवटच्या आजारपणात याच बाईंनी घरी येऊन सुया दिल्या होत्या, त्यामुळे चेहऱ्यात त्यानं काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. पण बाकीचं अंग? त्याला साचा कुठून आणायचा? कारखान्यात बाईमाणसाचा मोठा साचा एकच होता, नवरात्रातल्या देवीचा. जनूनं तोच घेतला. आठ हातांतले सहा कापले, त्रिशूळ धरायच्या मुठीत सिरिंज बसवली, लुगडं पांढरं रंगवलं आणि छातीवर नावाची पट्टी लावली. देवीबरोबर जो साचा येतो तो महिषासुराचा, म्हणून पेशंट तोच झाला. त्याची शिंगं घासली, अंगात चौकड्याचा शर्ट रंगवला. जीभ बाहेर लोंबत होती, डोळे वटारलेले होते, पण ते साच्यातलंच होतं. आणि देवीचा पाय असुराच्या छातीवर असतो, तोही साच्यातलाच. जनूनं दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि त्याला सगळं झकास वाटलं.

रोह्यातही सगळ्यांना झकासच वाटलं. लोक रांगा लावून पाहून गेले, एकालाही त्यात वावगं दिसलं नाही. पण कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला, तो या मावशीकडून त्या मामाकडे फिरत फिरत लांबच्या शहरातल्या एका निवृत्त गृहस्थांना मिळाला. फोटो काळपट, पट्टीवरचं नाव मात्र ठसठशीत. गृहस्थ तळमळीचे. त्यांनी लगेच तक्रार ठोकली, की सदर परिचारिकेच्या पायाखाली रुग्णाला असह्य वेदना होत असून त्याची जीभ बाहेर आली आहे.

सिस्टरनी उत्तर धाडलं, की तो प्लास्टरचा पुतळा आहे. परिषदेचं उलट उत्तर आलं, की आपण घटना नाकारलेली दिसत नाही, तरी रुग्ण प्लास्टरचा असल्याबद्दल वैद्यकीय दाखला जोडावा.

झालं, सिस्टर घरी बसल्या. त्यांच्या जागी आरोग्य उपकेंद्रावर कासूकडची एक नवी पोर आली, ती चांगली होती पण तिचा हात जड होता. पोरं तिला बघूनच भोकाड पसरायची. दंड चोळत बाया सिस्टरच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "कधी येता वो बाय परत?" नोकरी कंत्राटी, नोंदणी गेली की तीही गेली. आणि नोकरीचं एक असो, पण ज्या हातानं सारी पंचक्रोशी टोचली, तो हात आता वाल सोलत होता. त्यांना रडू यायचं, आणि प्लास्टरच्या पुतळ्यापायी रडतोय म्हणून स्वतःचाच राग यायचा.

मंडळाची पोरं ओशाळली होती. त्यांनी रोह्याचे दाजी वकील पाठवले. दाजींनी जन्मभर बांधाचे आणि वहिवाटीचे दावे लढवले होते, नर्सचा दावा पहिलाच. पण माणूस घाबरणारा नव्हता.

"सिस्टर, आपण तीन पायऱ्यांनी लढायचं," ओट्यावर मांडी ठोकून ते म्हणाले. "एक, तो पुतळा आहे. दोन, पुतळा आहे पण तुमचा नाही. तीन, तुमचा आहे पण पाय तुमचा नाही. कुठंतरी बांध सापडेलच."

"पण वकीलसाहेब, मी काय केलंच नाय," सिस्टर म्हणाल्या.

"ते आपण शेवटी सांगू. ते कोणी ऐकत नाही."

सुनावणी पेणच्या विश्रामगृहात ठेवली. समितीत तिघं होते: अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मेट्रनबाई, सोबत एक डॉक्टर आणि तिसरे लिहून घेणारे सदस्य. समितीनं पुतळा पुराव्यादाखल मागवला होता, म्हणून जनूनं तो रोह्याहून टेम्पोत घालून आणला. वाटेत गडबला टेम्पो चहाला थांबला, तेवढ्यात तिथल्या बायांनी पुतळ्याला हळदकुंकू वाहिलं आणि एकीनं पायाशी नारळ फोडला. असुराच्या छातीवर पाय बघितल्यावर आणखी काय करणार त्या बिचाऱ्या? त्यामुळे आरोपी पुतळा समितीपुढे आला तो कुंकवानं माखलेला. उतरवताना असुराच्या पाठीतली गंजकी सळई दाजींच्या मनगटाला चांगली लागली, पण त्यांनी रुमाल बांधला आणि कामाला लागले.

पुतळा असल्याचं समितीनं मान्य केलं. पहिली पायरी चढली म्हणून दाजी खूश झाले आणि त्यांनी जनूला उभं केलं.

"हा चेहरा या सिस्टरांशी थोडाफार जुळतो, असं म्हणता येईल का?" दाजींनी डोळा बारीक करून विचारलं. जनूनं कसं बोलायचं ते आदल्या दिवशी घटवून घेतलेलं होतं.

पण थोडाफार म्हटल्याबरोबर जनूचा चेहराच उतरला. "थोडाफार? साहेब, माझा बाप मूर्तिकार, आजा मूर्तिकार. हा तीळ बघा. ही हनुवटी बघा. त्यांची सख्खी आई आली तरी हिलाच जेवायला वाढंल."

दाजींनी कपाळावर हात मारला. दुसरी पायरी गेली. मग त्यांनी पायाचा मुद्दा काढला. पाय सिस्टरांचा नसून साच्यातला आहे, साचा देवीचा आहे, सबब पाय देवीनं दिला. हे ऐकून लिहिणारे सदस्य थबकले.

"देवीची आपल्याकडे नोंदणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"देवीची कशी असेल?"

"मग नोंदणी नसलेल्या व्यक्तीनं इंजेक्शन दिलं, आणि चेहरा सिस्टरांचा म्हणजे त्या जागेवर हजर होत्या. हे तर जास्त गंभीर आहे," असं म्हणून त्यांनी ते लिहूनही घेतलं.

तेवढ्यात मागून गोदूबाई उठली. गोदूबाई खाडीकाठची, मिठागरात राबून काळवंडलेली म्हातारी, आणि सिस्टरची सगळ्यात जुनी पेशंट. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली होती, मदतीला.

"मी सांगतं साहेब. ठेवला आसंल तिनं पाय. पण ती पाय बी हलकाच ठेवंल. मना कवाच काय दुखलं नाय."

"गोदूबाय, बस गो खाली," सिस्टर कळवळून म्हणाल्या.

"का म्हनून बसू? माझ्या छातीवर ठेवलास तरी मी तक्रार करनार नाय. लिवा साहेब."

साहेबांनी लिहिलं, की साक्षीदार पाय ठेवल्याचे नाकारत नाही. समिती चहाला उठली. दाजींनी सिस्टरना व्हरांड्यात नेलं. एकदम त्यांचे डोळे चमकले.

"तुमचा गुडघा दुखतो ना?"

"जिना चढताना प्राण जातो."

"मग जिंकलो. समितीला म्हणतो, प्रात्यक्षिक घ्या. या वयाच्या, या अंगाच्या बाईला पेशंटच्या छातीवर पाय ठेवून दंडावर नीट सुई देताच येत नाही, हे डोळ्यांनी बघा. पेशंट मी होतो. मला ही सळई लागलीच आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचंच आहे. तुम्ही फक्त चुका. तोल जाऊ द्या, हात थरथरू द्या, सुई तिरकी जाऊ द्या. माझ्या दंडाचं काही झालं तरी मला चालेल. पण चुका."

सिस्टरनी मान डोलावली. आपली सगळी जिंदगी या एका चुकीवर उभी आहे, हे त्यांना पक्कं समजलं होतं.

समितीला कल्पना पटली. सरकारी माणसाला काहीतरी करून बघायला मिळालं की तो खुलतोच. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, शिपायानं समोरच्या मेडिकलमधून इंजेक्शन आणलं, आणि समितीच्या देखरेखीखाली एवढ्यापुरती सुईला परवानगी असल्याचं लेखी झालं. सतरंजीवर दाजी वकील काळ्या कोटासकट उताणे पडले. मग कोट काढावा लागेल हे ध्यानात आलं, म्हणून उठले, कोट काढला आणि पुन्हा पडले. सिस्टरनी चप्पल काढून बाजूला ठेवली, हात धुतले, आणि वकिलाची माफी मागून त्यांच्या छातीवर पाय ठेवला. शेजारी पुतळाही तसाच उभा होता. जनू कौतुकानं एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत होता.

"चुका," दाजी खालून पुटपुटले.

चुकायचंच होतं. सिस्टरनी मनाशी घोकलंही, की आता हात थरथरवायचा. पण सिरिंज बोटांत आली आणि इतक्या महिन्यांची उपाशी बोटं त्यांचं ऐकेनात. हवा काढली गेली, दंडावरची जागा पुसली गेली. गुडघ्यातून कळ आली तीही त्यांनी दातांखाली धरली, आणि सुई सरळ आत गेली आणि बाहेर आली. त्यावर कापूससुद्धा दाबून झाला. तेव्हा कुठं सिस्टरना भान आलं, की आपण हे काय करून बसलो.

दाजी डोळे घट्ट मिटून पडले होते.

"द्या की वो आता, किती वेळ?" ते म्हणाले.

"दिलं," सिस्टर म्हणाल्या, आणि मटकन खुर्चीत बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझ्यानं चुकवलं नाय गेलं, वकीलसाहेब. माफ करा."

दाजी उठून बसले. त्यांनी दंड दाबून बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे शक्य आहे तर," डॉक्टर म्हणाले. लिहिणाऱ्या सदस्यांनी पेन उचललं. गोदूबाई मागून म्हणाली, "मी सांगत व्हती ना, हलका हात हाय म्हनून," आणि दाजींनी तिच्याकडे असं बघितलं की म्हातारी पहिल्यांदा गप्प झाली.

अध्यक्षबाई मात्र कोणाकडेच बघत नव्हत्या. त्या दाजींच्या दंडाकडे बघत होत्या. तिथं डागसुद्धा नव्हता.

"काहीच कळलं नाही?" त्यांनी विचारलं.

"आईशप्पथ नाही," दाजी खिन्नपणे म्हणाले.

"लिहा," अध्यक्षबाई सदस्यांना म्हणाल्या. "तक्रार असह्य वेदनांची आहे. पाय छातीवर असतानाही वेदना झाली नाही, हे समितीनं स्वतः पाहिलं. तक्रार निराधार. नोंदणी आजपासून पूर्ववत."

"आणि पाय?"

"पायाचं मूर्तिकारांनी बघावं. खाली सही करते, आणा इकडे."

सही झाली, शिक्का बसला. सगळे उठायला लागले. सिस्टर तशाच बसून होत्या, त्यांना आपण सुटलो हे अजून आत उतरलं नव्हतं. अध्यक्षबाई त्यांच्याजवळ आल्या, इकडे तिकडे पाहिलं, आणि पर्समधून औषधाचा छोटा खोका काढला.

"बी-ट्वेल्व्हचं आहे. दर आठवड्याला घ्यायला सांगितलंय. मागच्या वेळी आमच्याकडच्या मुलीनं दंड काळानिळा करून ठेवला. तेव्हापासून हे असंच घेऊन फिरते. आयुष्यभर लोकांना टोचलं, पण मला स्वतःला फार भीती वाटते हो."

सगुणा सिस्टरनी पदरानं डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"डॉक्टरची चिठ्ठी हाय का?"

अध्यक्षबाईंनी निमूट चिठ्ठी काढून दिली. सिस्टरनी ती नीट वाचली, औषधावरची तारीख बघितली, पुन्हा हात धुतले. अध्यक्षबाई खुर्चीत ताठ बसल्या, बाही वर केली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"सिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "पाय मात्र खाली ठेवा हं."