फुआतिनोचं वाढलेलं वजन

खांदा निखळला म्हणून वर्षभर घरी बसलेली फुआतिनो पुन्हा स्पर्धेसाठी लोखंडी वजनं उचलायला लागली, आणि थोड्याच दिवसांत वजनकाट्यानं तिची झोप उडवली. तीन किलो वाढले! खाणं तेच, उलट कमीच. पोर रोज सकाळी उपाशीपोटी काट्यावर चढायची आणि आकडा बघून, उतरून पुन्हा चढायची.

राजधानीतल्या, आपिआच्या निवड स्पर्धेत वजनगट चुकेल, ही भीती नव्हती हो. तिचा बाप असाच बघता बघता फुगत गेला होता. सगळं गाव म्हणायचं, "वा, अंगानं भरला!" आमच्याकडे जाडीचं कौतुकच फार. मूत्रपिंडं निकामी होऊन अंगात पाणी साठलंय, हे कळेपर्यंत माणूस हातचा गेला.

आता तेच कौतुक तिच्या वाट्याला आलं. रविवारी चर्चहून येऊन सगळे जेवायला बसले, तर मामी म्हणाली, "बाळसं धरलंय गं पोरीनं! घे, नारळाच्या दुधातली अळूची पानं घे अजून." फुआतिनोनं हातातला घास खाली ठेवला. ती ताट सारून उठली. रविवारच्या जेवणावरून उठायचं? मामीनं कपाळावर हात मारला.

मालाकी मामा तिच्यामागोमाग परसात आला. गावातल्या पोरांना वजनं उचलायला त्यानंच शिकवलेलं. तो चटईवर मांडी घालून बसला आणि कमरेला लुंगीसारखं गुंडाळलेलं लावालावा पायांवर नीट ओढून घेतलं. कुणासमोर पाय पसरायचे नाहीत, ही रीत त्यानं कधी मोडली नव्हती.

"बोल. काय झालंय?"

"मामा, मी मरणार." ती रडायलाच लागली. काट्याचं, बापाचं, सगळं भडाभडा बोलून गेली.

मामा हसला. "अगं येडे! वर्षभर आळसावलेलं अंग एकदम दामटलंस. दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. काही आठवड्यांत उतरतं आपोआप."

"आणि बाबांचं?"

"ते पाणी निराळं. नडगीवर अंगठा दाबून बघ. ते असलं तर खळगा राहतो."

तिनं श्वास रोखून दाबलं. अंगठा उचलताच कातडी वर आली. दुसऱ्या पायावर दाबलं, तिथंही तेच.

"झालं समाधान? तरी उद्या नर्सबाईला दाखवून ये. पण मामासारखी टणक आहेस तू, हे बघ!" भाचीला हसवायला म्हणून मामानं चक्क पाय पुढे पसरला आणि स्वतःच्या नडगीवर अंगठा रोवला.

अंगठा निघाला. खळगा तसाच राहिला.

मामानं घाईघाईनं पाय झाकला. "चर्चमध्ये फार वेळ बसलो ना, त्यानं."

"कधीपासून आहे हे?"

"तुझी निवड होऊ दे, मग जातो दवाखान्यात. मामीला बोलू नकोस."

फुआतिनोनं डोळे पुसले. "खड्ड्यात गेली निवड! तू उद्या येतोयस माझ्याबरोबर. नाहीतर मी लोखंडाला हात लावणार नाही."

एवढा दांडगा माणूस, पण मान वर करेना. लावालावाची कड चिमटीत धरून तो हळूच म्हणाला, "फुआ, मला भीती वाटते गं."

"मलाही," ती म्हणाली, आणि तिनं मामीला हाक मारली.