माफीचा रकाना

कोर्टाच्या त्या खोलीत सहा बाकं होती. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. मधल्या टेबलावर पाण्याचा एक जग आणि दोन ग्लास, त्यातला एक तडकलेला. डावीकडची बाकं आरोपीच्या घरच्यांची. तिथे आम्ही तिघं बसलो होतो: आई, मामा आणि मी. उजवीकडची, ज्याचा जीव गेला त्याच्या घरच्यांची. ती तिन्ही रिकामी होती, कारण तिथे बसायची माणसंही आम्हीच होतो.

ताई गेली तेव्हा बाइक बारक्या चालवत होता. बारक्या म्हणजे आमच्या घरातलं शेंडेफळ, आणि उंचीला सगळ्यांच्या वर. त्याला मित्राकडून आणायला ताई गेली होती. तो प्यायलेला आहे हे तिला कळलं नाही, की कळूनही ती मागे बसली, हे आम्हाला ठाऊक नाही. वळणावर एक ट्रक उभा होता. बारक्याचं मनगट मोडलं. ताई तिथेच गेली.

त्याने पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. आता फक्त शिक्षा ठरायची होती, आणि तिचाही तक्ता असतो हे आम्हाला वकीलसाहेबांनी समजावलं. न्यायाधीश छत्तीस महिन्यांपासून सुरुवात करतात. दारूचे सहा वाढतात, कबुलीचे बारा कमी होतात. उरतात तीस. चोवीस किंवा त्याखाली आकडा आला, तर शिक्षा घरी राहून, चौकीत हजेरी लावून भोगता येते. मी विचारलं, मग न्यायाधीशांच्या हातात काय राहतं? ते म्हणाले, एक रकाना. गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी स्पष्ट शब्दांत माफ केलं, तर बारा महिन्यांपर्यंत सूट देता येते. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, बेरीज-वजाबाकी माझ्या हातचा मळ. तरी तो हिशेब मी तीनदा करून पाहिला. आईने ‘हो’ म्हटलं की बारक्या घरी. इतकं सोपं होतं.

स्वयंपाकघरात आम्ही तयारी केली. मामा खांद्यावर टॉवेल टाकून स्टुलावर न्यायाधीश होऊन बसला आणि घसा खाकरून त्याने प्रश्न विचारला. आई कणीक मळता मळता म्हणाली, हो, केलं माफ. मामा वैतागला. भाजीत मीठ बरोबर आहे का विचारल्यावर सांगावं तसं सांगतेयस, म्हणाला. आईने चार वेळा म्हणून दाखवलं. चारही वेळा तसंच. बारक्या दारात उभा होता, तो तिसऱ्या वेळेला आत निघून गेला. अपघात होऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत आईने त्याचे कपडे धुतले, मनगटाला शेक दिला, पण त्याला एकदाही हाक मारली नव्हती. ‘वाढलंय’ हे ती भिंतीला सांगायची आणि तो येऊन जेवायचा.

न्यायाधीश बाई होत्या, आईपेक्षा थोड्या लहान असाव्यात. बसून बोललात तरी चालेल, म्हणाल्या. आई उभीच राहिली.

“मुलाला माफ केलंत तुम्ही?”

“नाही,” आई म्हणाली.

मामाने माझा हात घट्ट धरला. बाईंनी चष्मा वर सरकवला. “प्रश्न नीट कळला ना?”

“कळला. घरी चार वेळा तयारी केली याची. तिथं हो म्हणत होते.”

“मग आता?”

“आत्ता शपथ घ्यायला लावलीत ना.”

मागे दाराशी कुणीतरी हसलं. मग त्याला तुरुंगात पाठवावं असं म्हणणं आहे का, असं बाईंनी विचारलं.

“छे. घरी पाठवा त्याला,” आई म्हणाली. “पोरीला शेवटचं बघितलंय ते त्यानं. ती काय बोलली, ते मी अजून विचारलेलं नाही. तोंडाशी येतं आणि परत जातं. होईल धीर कधीतरी. तेव्हा तो घरात हवा.”

बारक्या कठड्याला धरून उभा होता. त्याने मान वर केली.

बाईंनी समोरच्या पानावरच्या ओळीवरून बोट फिरवलं. “माफी स्पष्ट शब्दांत हवी, असं इथे आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “ती मला तुमच्या वतीनं धरून चालता येत नाही. अजून काही सांगायचंय?”

आई म्हणाली, नाही.

निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर होता. बाहेरच्या व्हरांड्यात मामा आईला फाडफाड बोलला. चोवीसच्या आत यायला एका शब्दाचा प्रश्न होता, तेवढ्यासाठी सत्यवादी व्हायला आजचाच दिवस मिळाला का, म्हणाला. आई चहाचा कप हातात धरून बसली होती, पीत नव्हती. शेवटी बारक्याच म्हणाला, “मामा, पुरे. तिला नाही जमणार. मलाही नसतं जमलं.”

आईने कप त्याच्याकडे सरकवला. गार झालाय, एवढंच म्हणाली, पण ते त्याच्याकडे बघून. त्याने तो गार चहा उभ्या उभ्याच संपवला.

दुपारी बाईंनी निकाल वाचला. सुरुवात छत्तीस. दारूचे सहा, अधिक. कबुलीचे बारा, वजा. माफीच्या रकान्यात शून्य. मग त्या म्हणाल्या की तक्त्यात शेवटी आणखी एक ओळ आहे, क्वचितच वापरली जाते: घरच्यांना तो घरी हवा असेल, तर न्यायाधीशाला आपल्या मनाने जास्तीत जास्त चार महिने कमी करता येतात. कारण लिहून ठेवावं लागतं. त्यांनी कारण लिहिलं होतं, ते आईच्या शब्दांत वाचून दाखवलं, आणि चारच्या चारही कमी केले.

सव्वीस महिने.