चिमणीच्या रकान्यातली सही

सोमवारी सकाळी नऊपासून बॉयलरचा धूर माझ्या तोंडातून येऊ लागला. आवारातली विटांची चिमणी जागेवर होती, पण तिच्यातून काहीच येत नव्हतं. तिच्या काठावर कावळे निवांत बसले होते.

चूक माझीच. परवान्याच्या अर्जात चिमणीचा तपशील भरायचा त्या रकान्यात मी घाईत स्वतःची सही ठोकली होती, आणि अर्ज तसाच मंजूर होऊन आला.

आमचा कापड रंगवण्याचा कारखाना. जाळ कापडाला शिवत नाही. बॉयलरची वाफ नळ्यांतून फिरून रंगाचे हौद तापवते. तो जाळ गौसभाई सांभाळतो. मी तोंड मिटलं की धूर कोंडायचा आणि जाळ भट्टीच्या दारातून त्याच्या अंगावर यायचा.

“साहेब, तोंड मिटू नगासा!” तो ओरडला. “भुवया गेल्या माझ्या!”

मी आ वासून उभा राहिलो.

अकरा वाजता धुराच्या तपासणीला कुंभोजकर मॅडम आल्या. त्यांनी मला टाचेपासून टाळूपर्यंत टेप लावली.

“पाच फूट सात इंच. नियमात तीस मीटर आहे.”

“वाढवून घेतो की,” आमचे मालक श्रीपालअण्णा म्हणाले. मला कुणी विचारलं नाही.

मॅडमनी कागदावर ‘तीस’ लिहिलं आणि मी वाढू लागलो. पाय तिथंच राहिले. शर्ट पुरला, आमचं कापड ताणतं ही गिऱ्हाइकांची जुनीच तक्रार आहे.

“हुपरीकर, वर गेलाच आहात तर बघा,” अण्णा खालून म्हणाले, “शेजारच्यांचा धूर आपल्यापेक्षा काळाय ना?”

काळा होता. पण मला काळजी वेगळीच होती. चिमणी जितकी उंच, तितकी हवेची ओढ जास्त. नव्या कामगारांना हे दर वर्षी मीच शिकवतो.

“साहेब, फावडं आत गेलं! ओढ लई वाढली!”

मी ओठ थोडे जवळ आणले.

“जाळ भायर येतुया! उघडा!”

उघडले.

“दाराला धरलंय मी! हात सुटतोय, साहेब!”

या दोन्हींच्या मधलं तोंड कसं असतं ते मला जमेना.

मॅडम शिडी लावून माझ्या छातीपर्यंत आल्या. “नमुना घ्यायला भोक लागतं. तुम्ही आधीच ठेवायला हवं होतं,” म्हणत त्यांनी ड्रिल लावलं. दुखलं नाही. विटेचा लाल भुगा तेवढा पडला.

खालचं ओरडणं थांबलं.

त्यांनी नमुन्याची नळी आत सरकवली. ती वीतभर गेली आणि थांबली.

“काहीतरी अडकलंय,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी ती हळूहळू मागे ओढली. नळीचं टोक घट्ट धरून चार बोटं भोकातून बाहेर आली.