बारा बिळं

संग्रहालयात तिला सगळे टाचणीबाई म्हणत, कारण माशी दिसली रे दिसली की बाईंनी ती टाचणीला लावलीच. गेल्या वर्षी एका मातीच्या भिंतीत तिला अनोळखी एकांडी मधमाशी सापडली. हिचं पोळं नसतं. प्रत्येक मादी आपलं वेगळं बीळ कोरते आणि अंडी घालून झाली की तोंड चिखलाने लिंपते. त्या सकाळी बारा माद्या जाळीत आल्या, म्हणून तिने नमुन्यांच्या चिठ्ठीवर झोकात लिहिलं, ‘विपुल’.

नर पाहिल्याशिवाय नवी जात पक्की होईना, म्हणून यंदा त्याच हंगामात ती परत आली. फुलं डवरली होती, पण भिंतीपाशी चिटपाखरू नव्हतं. पहिलं बीळ उघडंच होतं, आत कोळ्याचं जाळं. दुसरंही उघडं. लिंपलेलं एक तरी दिसावं म्हणून ती भिंतीला नाक लावून सरकू लागली. बिळं बाराच भरली. बाराही उघडी, एकाच्याही तोंडाला चिखल कधी लागलेलाच नव्हता.

तेवढ्यात संग्रहालयातून सरांचा फोन आला. “विपुल आहेत ना? मग नराबरोबर दोन-चार माद्याही आण.”



“सर,” ती म्हणाली, “होत्या तेवढ्या आपल्या पेटीत आहेत.”