कुकरच्या शेजारचा कॅमेरा

मी एक कॅमेरा. मुठीत मावेन एवढा, अंगाने जाड, कडेला नारिंगी पट्टी. सुंदर मी कधीच नव्हतो आणि कोणी तशी अपेक्षाही केली नाही. मी टिकावं एवढ्यासाठीच माझा जन्म झाला.

जन्मलो त्या कारखान्यात माझ्यासारख्याच काही भावंडांना मुद्दाम उंचावरून आपटलं, बर्फात ठेवलं, पाण्याच्या टाकीत बुडवलं. ती कुठवर तग धरतात ते पाहून माझ्या खोक्यावर मजकूर छापला. म्हणजे खोक्यावरची बढाई माझी नव्हे, त्यांची. माझी परीक्षा व्हायची होती.

माझ्या अंगात एकच नाजूक जागा. पोटाशी झाकण आहे, त्याच्या कडेने काळ्या रबराची बारीक रिंग. बाहेरचं पाणी आणि आतला मी, यांच्यामध्ये तेवढीच काय ती उभी. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं, ही रिंग दरवर्षी बदला. तो कागद खोक्याबरोबर माळ्यावर गेला.

मला विकत घेतलं एका पाणबुड्याने. पुलांचे खांब पाण्याखाली तपासायचे, कुठे भेग पडली, कुठे तळाची माती वाहून गेली ते पाहायचं, हे त्याचं काम. कसलीच घाई नाही म्हणून होडीवरचे लोक त्याला कासव म्हणत. होडीवर दोरी धरून बसायचे ते मामा. ते कोणाचे मामा हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मामाच. कासवाच्या कमरेची दोरी त्यांच्या हातात असे. खालून एक झटका आला की ठीक आहे, तीन आले की ओढा.

मी त्याच्या मनगटाला बांधलेला असे. गढूळ पाण्यात खांबाला नाक लावून मी फोटो काढत असे. दगडावर आपटलो, होडीच्या फळीवरून घसरलो, एकदा चारचाकीच्या टपावर राहिलो आणि वळणावर रस्त्यात पडलो. दर वेळी कासव मला उचलून पुसायचा आणि म्हणायचा, "पठ्ठ्या आहे हा. याला काही होत नाही."

माणसांना हे वाक्य फार आवडतं. ज्याच्याबद्दल ते म्हटलं जातं, त्याच्याकडे मग कोणी बघत नाही.

घरी त्याची बायको. हाताला सतत काम, ओठांवर देवाचं नाव. तिचं एक व्रत होतं, स्वतःच घेतलेलं. नवरा पाण्यात आहे तोवर घशाखाली पाण्याचा थेंब उतरवायचा नाही. मामा फोन करत, "कासव वर आलं हो," की ती माठाकडे वळे. उन्हाळ्यात तिचे ओठ सुकत. कासव चिडवायचा, "अगं, पाण्यात मी आणि तहानलेली तू, हा कुठला हिशेब?"

"तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते," ती म्हणे.

माझी पाच वर्षं अशी गेली. रिंग तीच. एकदा मला फडक्याने पुसताना तिला ती सैल वाटली. घरात कुकरची रिंग सैल झाली की ती तेलाचं बोट फिरवून तिला वठणीवर आणायची. तीच माया तिने मला लावली. फोडणीच्या तेलाचं बोट रिंगेवरून दोनदा फिरवलं, झाकण लावलं, मला नमस्कारही केला. जुनं रबर ते तेल पिऊन फुगलं. जागच्या जागी बसेना. हे मला कळत होतं, पण मला बोलता कुठे येतं?

त्याच आठवड्यात आम्ही एका मोठ्या पुलाच्या मधल्या खांबापाशी उतरलो. कासवाने मला चालू केलं. खांब पाहून झाला. वर जायला तो वळला आणि थांबला. डोकं हलवलं. मग निघाला, पण खाली. त्याच्या तोंडाशी सुटणारे बुडबुडे पायांकडे जात होते आणि तो त्यांच्या उलट. दिव्याचा उजेड गाळावर पडला. त्या गाळात तो हात फिरवू लागला. होडीची शिडी शोधत होता.

दोरीला झटका नाही म्हणून मामांनी ओढून घेतलं. तोवर माझ्या पोटात पाणी शिरलं होतं.

"मामा, घरी नका सांगू. चक्कर आली एवढंच."

मामांनी फोन लावला. "आला वर," म्हणाले. रोजचं 'कासव' त्या वाक्यात नव्हतं. तिने पाणी प्यायलं, पण पेला हातातच राहिला.

घरी आल्यावर कासव म्हणाला, "पठ्ठ्या गेला. बाकी सगळं झकास."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने झाकण उघडून बोट चोळलं. "काकू, हे तेल कुणी लावलं?"

"मी. कुकरला लावते तसं."

"बरं झालं, शिट्टी नाही लावलीत." तो हसला, मग म्हणाला, "तेलाने बिघडली खरी, पण ही रिंग मुळातच थकलेली. दरवर्षी बदलायची असते ही. चांगली दिसली तरी."

चांगली दिसली तरी. ते शब्द तिने मनात दोनदा घोळवले.

मग त्याने माझ्या पोटातलं कार्ड काढलं, कोरडं केलं आणि शेवटचं चित्रण तिला पडद्यावर दाखवलं. तिने ते एकदाच पाहिलं.

रात्रीच्या जेवणानंतर तिने माझी जुनी रिंग आणि दुकानातून आणलेली नवी, अशा दोन रिंगा कासवासमोर ठेवल्या. "सांगा, यातली निकामी कुठली?"

"ही बारकी असेल. ही दुसरी तर चांगली गुबगुबीत आहे."

"त्या गुबगुबीत रिंगेतूनच पाणी शिरलं. मीच तेल पाजलं तिला."

"तेल? अगं, याला काय कुकर समजलीस?"

"कुकर तुम्ही. आत एवढं कोंडलंय आणि शिट्टी म्हणून होत नाही." दुकानदाराने फोनमध्ये भरून दिलेलं चित्रण लावून तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "बुडबुडे कुठे चाललेत बघा. आणि तुम्ही कुठे निघालात?"

कासव बघत राहिला. गाळात चाचपडणारा स्वतःचा हात पाहून त्याने तो हात मांडीखाली घेतला.

"कान कधीपासून बिघडलाय? टीव्ही मोठा करता, डावीकडून हाक मारली तर ओ देत नाही. मला वाटलं, माझाच कंटाळा आला."

"थंडीपासून," तो म्हणाला. "अधूनमधून आत पाणी गेल्यासारखं होतं, मग सगळं फिरतं. पण अगं, मला काही होत—"

"हेच याच्याबद्दलही म्हणायचात." तिने माझ्याकडे बोट केलं. तिचा आवाज चढला नाही. "माझं व्रत मी पाळीन. पण देवाला तरी तुमच्या मागे किती खोल पाठवू?"

त्याने गुबगुबीत रिंग उचलून बोटांत फिरवली. मग म्हणाला, "खाली उतरायचं नाही, तर मी कोण गं?"

"आधी कान दाखवा. ते नंतर बघू."

डॉक्टरांनी पाहिलं. कानाच्या पडद्याला भोक होतं. तिथूनच थंड पाणी आत जाऊन त्याची दिशा चुकवत होतं. पाण्याखालचं काम बंद, कायमचं. काही दिवस तो खिडकीशी नुसता बसून राहिला. मग मामाच घरी आले. "माझे गुडघे गेले रे कासवा. दोरी कुणाच्या हातात देऊ? जो खाली चुकलाय, त्यालाच वरून कळेल."

आता दोरी कासवाच्या हातात असते. खाली नवा पाणबुड्या उतरतो, नवा कॅमेरा घेऊन. त्याची रिंग कासव दर वर्षी बदलतो, चांगली दिसली तरी.

माझा मुक्काम स्वयंपाकघरात, फळीवर, कुकरच्या शेजारी. दुकानदाराने दुरुस्त केलं, मी अजून चालतो. भिंगाच्या एका कोपऱ्यात धुकं आहे, ते जात नाही. मी काढलेल्या प्रत्येक फोटोत ते थोडं असतं. माझी तक्रार नाही. एवढंच सांगणं, ज्याला काही होत नाही असं तुम्ही म्हणता, त्याचं झाकण अधूनमधून उघडून पाहा.

दोरी हाती घेतली त्या पहिल्या दिवशी कासवाचा होडीवरून फोन आला होता. "अगं, मी वरच आहे. आता पी पाणी."

तिने पेला भरला. "खाली कोण गेलंय?"

"नवा आहे."

"त्याच्या घरी कोण असतं?"

"म्हातारी आई. तिला यातलं काही कळत नाही म्हणतो."

तिने भरलेला पेला माझ्याशेजारी फळीवर ठेवला आणि त्यावर झाकण घातलं.

"तो वर आला की सांगा," ती म्हणाली.