पाच डब्या

धाकट्या सुनेने पोराचं तोंड छातीवरून सोडवलं आणि पदर ओढून घेतला. पोराने टाहो फोडला.

"पाज की त्याला," घरची थोरली, तिची सासू, म्हणाली.

"नको, सासूबाई. माझ्यातलं त्याच्यात उतरलं तर?"

अंगणात नर्सबाई चढ चढून आल्याच्या धापा टाकत होती. मागे तिने वस्तीवर शौच तपासायच्या डब्या वाटल्या होत्या, पहिल्यांदाच. खाली शहरात त्या कधीच्या घरोघर जातात. थोरलीची बहीण तिकडे दिलेली. तिचं आतड्याचं दुखणं असंच वेळेत सापडलं, कापून काढलं, आज ती सुनांवर डाफरायला ठणठणीत आहे. डोंगरातल्या मूळच्या माणसांचं दुखणं मात्र माणूस ओरडायला लागल्यावरच कळतं, आणि तोवर ओरडण्यापलीकडे काही उरत नाही.

"पाच माणसांच्या पाचही डब्यांत रक्त," नर्सबाईने पुन्हा सांगितलं. "कॅन्सरच असेल असं नाही. पण तपासायलाच हवं. उद्या दारात गाडी येईल, सगळेच चला."

मोठ्या सुनेने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, जणू घरात कोणी गेलंच. दोघे मुलगे एकमेकांकडे बघेनात. पोर रडून रडून निळं व्हायला आलं.

थोरलीने हातातलं सूप खाली ठेवलं.

"घे त्याला," ती धाकटीला म्हणाली. "तुझी डबी तुझी नव्हती."

"म्हणजे?"

"कुणाचीच नव्हती. पाचही मीच भरल्या."

घराची रीतच ती. बाहेरून घरावर जे येईल, दंड असो की शिवी, ते आधी थोरलीने झेलायचं. शिवाय सुनांनी आपली घाण परक्या बाईच्या हातात द्यायची? मग तिने आपल्या एकटीचंच पाची ठिकाणी घातलं. रक्त तिला वर्षभर दिसत होतं. मूळव्याध म्हणून ती त्यावर माती लोटत आली होती.

"अहो आजी, तपासणी घराची नसते, माणसाची असते!" नर्सबाई म्हणाली.

"मग आधी बोलायचं. मला वाटलं, कर आहे."

धाकटा मुलगा फिस्सकन हसला. "आमच्या वाटचं हगायचंसुद्धा आईनेच!"

मग सगळेच हसले, डोळे पुशीत. मोठीने लाकूड पुन्हा आत सारलं. पोर चुटूचुटू प्यायला लागलं. नर्सबाई तेवढी हसली नाही.

"एका माणसासाठी गाडी वर येत नाही, आजी," ती हळूच म्हणाली. "खाली येते. माझ्याबरोबर चालत उतरावं लागेल."

"खोटं बोलले असते तर दारातून बसून गेले असते म्हण." थोरली उठली. लुगड्याचं गाठोडं तिने स्वतःच बांधलं.

"आई, मी येऊ?" मोठ्या मुलाने उठता उठता विचारलं.

"कशाला? दोन दिवसांत येते."

तो पुन्हा बसला.

उताराच्या तोंडाशी नर्सबाईने हात पुढे केला. थोरलीने तो झिडकारला आणि पुढे झाली. वळण आलं. घर झाडाआड गेलं, हसणं मात्र ऐकू येत होतं. तिने एकदा मागे पाहिलं. कोणी येत नव्हतं.

मग तिने नर्सबाईचा खांदा धरला, घट्ट.