कासवाचे ठोके

माझा धाकटा भाऊ त्याच्या संघात सगळ्यांत वेगाने पळायचा आणि सगळे त्याला कासव म्हणायचे. हे नाव पडलं बाबांमुळे. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दर रविवारी सामन्याला निघण्याआधी कासव दुकानात येऊन मनगट पुढे करायचा. बाबा डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवायचे, स्टॉपवॉच घेऊन पूर्ण एक मिनिट त्याची नाडी मोजायचे आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आकडा लिहायचे. चौदाव्या वर्षी बासष्ट. सोळाव्या वर्षी चोपन्न. एकोणिसाव्या वर्षी सेहेचाळीस. खेळाडूचं हृदय जितकं सावकाश तितकं दणकट, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. घड्याळ घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी दार उघडून दाखवायचे, मग घड्याळ बघायचे. एकदा संघाच्या प्रशिक्षकांनाही दाखवलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मैदानावर बारसं करून टाकलं.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण कासव डाव्या बाजूला बचावाला उभा असला की मी लेकीला मांडीवर घेऊन तासन्‌तास बघत बसायची. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन सुसाट यायचा आणि हा आपला शांत. चेंडू असा काढून घ्यायचा, की त्या बिचाऱ्याला दोन पावलं पुढे गेल्यावर कळावं. गेल्या महिन्यात त्याला मुख्य संघातून बोलावणं आलं. पहिला सामना एका रविवारी ठरला.

मी मुळातच काळजी करणारी. आई गेल्यापासून जरा जास्तच. जीवशास्त्राची पदवी घेतली, पण तिचा उपयोग लेकीचा ताप बघण्यापलीकडे झालेला नाही. लेक तापाने फणफणली तेव्हा तिच्या डॉक्टरबाईंनी मला नाडी बघायला शिकवलं आणि मी घरात दिसेल त्याचा हात धरत सुटले. नवरा म्हणाला, लग्नाआधी इतका धरला असतास तर.

सामन्याच्या आदल्या सोमवारी कासव आमच्याकडे जमिनीवर पसरला होता आणि माझी आठ महिन्यांची लेक मामाच्या पोटावर बसून त्याचं नाक ओढत होती. मी सवयीने त्याचं मनगट धरलं. ठोका, ठोका, मग काहीच नाही. मग ठोका. मला वाटलं माझं बोट सरकलं. पुन्हा धरलं. पुन्हा तेच. नाडी सावकाश नव्हती, ती मध्येच गळत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पळताना काही होतं का? तो म्हणाला, सरावात दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली, पण सकाळी काही खाल्लं नव्हतं ना.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ओढतच हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाबांना सांगितलं, लेकीला दाखवायला चाललोय. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि पडद्यावर आम्हाला त्याचं हृदय दाखवलं. त्याची एक भिंत हवी त्यापेक्षा बरीच जाड होती. मध्येच एखादा ठोका घाईने पडत होता आणि मनगटापर्यंत पोचतच नव्हता. पळता पळता कोसळशील, म्हणाले. खेळ बंद. सराव बंद. आजपासून.

जिन्यात कासव थांबला. मला वाटलं, आता रडेल. त्याने विचारलं,

"ताई, म्हणजे बाबांचा आकडा दरवेळी चुकत होता?"

"चुकत नव्हता रे. हाताला लागतील तेवढे ठोके ते मोजत होते."

"त्यांना तू सांगू नकोस. रविवारी मी बघतो."

तो रविवार माझ्या मानगुटीवर बसला. हा गपचूप खेळणार, याची मला खात्रीच पटली. डॉक्टरांचा कागद मी लेकीच्या दुपट्यांमध्ये लपवून बरोबर वागवत होते. गुरुवारी तो तासभर कुठेतरी जाऊन आला, विचारलं तर सांगेना. शनिवारी बूट घासत बसलेला दिसला तेव्हा माझा धीर सुटला. खेळायचं नाही तर हे कशाला, म्हटलं. तो म्हणाला, मग काय मळके कपाटात ठेवू?

रविवारी सकाळी मी त्याच्या आधी दुकानात हजर. तो आला, अंगात संघाचा शर्ट. बाबांनी भिंग कपाळावर सरकवलं, स्टॉपवॉच उचललं. माझा हात दुपट्यांकडे गेला.

"बाबा, आज आकडा नको," कासव म्हणाला. "घड्याळाचं ऐकता तसं नुसतं ऐका."

दुकानात चाळीस घड्याळं चालू असताना त्यातलं एक लंगडतंय हे बाबांना दारातून कळतं. त्यांनी स्टॉपवॉच ठेवलं, डोळे मिटले. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांची बोटं तशीच राहिली आणि सवयीने मोजणारे ओठ थांबले.

"हे कधीपासून?"

कासवाने सगळं सांगितलं, पडद्यावरच्या भिंतीसकट, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगतोय. बाबांनी कपाट उघडलं, खिशातून रुमाल काढला आणि दारावरचे आकडे पुसायला लागले. पाच वर्षांचे रविवार. कासवाने रुमालासकट त्यांचा हात धरला.

"पुसू नका. ते सामने मी खेळलोय. आणि चला, उशीर होतोय. सतरा जणांच्या नाड्या बघायच्यात तुम्हाला."

प्रशिक्षकांना त्याने गुरुवारीच सगळं सांगून टाकलं होतं. सगळ्या संघाची नीट तपासणी करून घ्या, असंही सांगून ठेवलं होतं. त्यासाठी डॉक्टर मंगळवारी येणार होते. तोवर निदान बाबा ऐकतील, हे त्याचंच डोकं. आणि मी तीन दिवस त्याच्या बुटांवर पहारा देत होते.

मैदानाच्या कडेच्या बाकावर बाबा बसले. एकेक खेळाडू मनगट पुढे करत होता. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, सरळ आहे, पुढचा. सुरुवातीला आवाज बसलेला होता. सहाव्या-सातव्या हातापर्यंत तो दुकानातल्यासारखा झाला. एकाला त्यांनी दोनदा ऐकलं, तेव्हा कुणीच हललं नाही. मग म्हणाले, सरळ आहे, तूच घाबरलायस. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने कासव.

सामना सुरू झाला. डाव्या बाजूला त्याच्या जागी नवा खेळाडू होता. पाच मिनिटांत कासव उभा राहून ओरडू लागला, पायाकडे बघू नकोस, त्याच्या कमरेकडे बघ. बाबांनी त्याचं मनगट धरून खाली ओढलं.

"बस. ठोके चढतायत."

तो बसला. दोन मिनिटं. समोरचा पुन्हा चेंडू घेऊन डावीकडून सुटला, तसा हा परत उठला. या वेळी बाबांनी ओढलं नाही. मनगट न सोडता तेही त्याच्याबरोबर उठले आणि रेषेपाशी जाऊन उभे राहिले. एकाचे डोळे चेंडूवर, दुसऱ्याचे मिटलेले.